सायकल कट्टा: मागून गाडी आली की छातीत धस्स होतं

मागच्या महिन्यात मी पुण्यात वारज्याहून शिवाजीनगरला ऑफिसला सायकलने जाते त्याबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की सगळ्यांना उत्तरं द्यायला जागा पुरणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय. एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे, ती म्हणजे मागून येणाऱ्या गाडीची भीती, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न: ताई, मी ४१ वर्षांची, कोथरूडला राहते. शाळेत असताना रोज सायकल चालवायचे, आता मुलं मोठी झाली म्हणून परत घेतली. कर्वे रोडने डेक्कनला क्लास घ्यायला जाते. मागून गाडीचा आवाज आला की छातीत धस्स होतं आणि मी आपोआप कडेला कडेला सरकत जाते. परवा असंच सरकताना गटाराच्या जाळीत पुढचं चाक अडकलं आणि पडले, गुडघा फुटला. मिस्टर म्हणतात सोड हा नाद. सोडू का?

उत्तर: नका सोडू. गुडघा नीट बरा होऊ द्या, घाई करू नका, पण सायकल सोडू नका. बदलायची आहे ती रस्त्यावरची जागा.

आपल्या सगळ्यांना लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं, ‘कडेने जा’. तेव्हा ते बरोबरही होतं, रस्त्यावर गाड्याच किती होत्या. पण आज कर्वे रोडच्या कडेला काय काय असतं ते एकदा चालत जाऊन बघा. चेंबरची झाकणं रस्त्यापेक्षा दोन इंच खाली, नाहीतर दोन इंच वर. पावसाच्या पाण्याच्या जाळ्या, त्यातल्या काहींच्या पट्ट्या नेमक्या आपल्या चाकाच्या दिशेने बसवलेल्या. कुणाच्या तरी बांधकामाची वाळू, थांबलेली रिक्षा, मोबाईलमध्ये बघत फुटपाथवरून खाली पाय टाकणारा माणूस. अशा कडेने सायकल सरळ जाऊच शकत नाही, ती सारखी आत-बाहेर, आत-बाहेर करत जाते, आणि मागच्या ड्रायव्हरला नेमकं तेच कळत नाही की ही बाई आता कुठे वळणार. शिवाय तुम्ही कडेला चिकटलात की त्याला वाटतं अरे, याच लेनमधून निघता येतंय, मग तो तुम्हाला घासून जातो, आणि त्या वेळी तुम्हाला डावीकडे सरकायला जागाच उरलेली नसते.

म्हणून फुटपाथच्या कडेपासून साधारण तीन फूट आत चालवा. सुरुवातीला फार विचित्र वाटेल, आपण रस्ता अडवतोय असं वाटेल, आठ दिवस तसं वाटू द्या. त्या तीन फुटांत दोन फायदे आहेत. मागच्याला तुम्ही लांबूनच दिसता आणि तो आधीच थोडं उजवीकडे घेऊन ओव्हरटेक करतो, आणि समजा कुणी जवळून गेलंच तर तुमच्या डावीकडे सरकायला जागा असते. सायकल चालवायला लागल्यापासूनच्या या बावीस वर्षांत कट मारून जाणारे मला भेटले ते बहुतेक वेळा मी स्वतः कडेला दबून चालवत होते तेव्हाच.

जिथे गाड्या पार्क केलेल्या असतात तिथे हे अंतर कडेपासून मोजायचं नाही, गाड्यांपासून मोजायचं. कारचं दार पूर्ण उघडलं की तीन फूट तरी बाहेर येतं. कॅम्पात एकदा माझ्या पुढ्यात दार उघडलं, मी दाराला धडकले नाही पण चुकवायला उजवीकडे हँडल मारलं आणि मागून टेम्पो येत होता, त्या दादांनी ब्रेक मारला म्हणून आज लिहितेय. दार लागत नाही हो बऱ्याचदा, दार चुकवताना जे होतं ते वाईट असतं. तेव्हापासून मी थांबलेल्या गाडीजवळून जाताना तीन गोष्टी बघते: ड्रायव्हर सीटवर डोकं दिसतंय का, मागचा लाल दिवा आत्ताच विझला का, आणि पुढचं चाक बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे का. यातलं काहीही असेल तर अजून एक फूट लांब.

आता यासाठी एक गोष्ट शिकावी लागेल, उजव्या खांद्यावरून मागे बघणं, आणि तेही सायकल न वळता. मान वळवली की हात पण वळतात, सगळ्यांचेच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी खडूने वीस-पंचवीस फुटांची सरळ रेघ मारा, त्या रेघेवरून चालवा आणि कुणाला तरी मागे उभं करून बोटं दाखवायला सांगा, तुम्ही वळून बघून किती बोटं ते सांगायचं आणि चाक रेघेवरून हलू द्यायचं नाही. मुलांनाच कामाला लावा, त्यांना मजा येईल. चार दिवसांत जमतं. मग रस्त्यावर खड्डा किंवा थांबलेली रिक्षा लांबून दिसली की आधी मागे बघायचं, हात दाखवायचा, हळूहळू उजवीकडे यायचं, ती मागे टाकायची, आणि परत आपल्या जागी. शेवटच्या क्षणी झटका द्यायचा नाही. मागे वळून बघणारा सायकलवाला दिसला ना की निम्मे ड्रायव्हर आपोआप वेग कमी करतात, कारण त्यांना कळतं की हा आता काहीतरी करणार आहे.

आणि रस्ता अगदीच अरुंद असेल, एका बाजूला पत्रे ठोकून काम चालू आहे वगैरे, तर तेवढ्या टप्प्यात लेनच्या मध्ये या. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. टप्पा संपला की डावीकडे होऊन साईड द्या आणि जमलं तर हात करा. साईड द्यायची, पण कधी द्यायची ते तुम्ही ठरवायचं.

अजून एक, तुमच्यासाठी खास. नळ स्टॉपच्या उड्डाणपुलावर चढू नका, खालून जा, आणि पुढे कर्वे रोडच धरायला हवा असं नाही. लॉ कॉलेज रोडला वळून प्रभात रोडच्या गल्ल्यांमधून डेक्कनला निघता येतं. पाच मिनिटं जास्त लागतात पण झाडं आहेत, गाड्या हळू असतात. सायकलचा रस्ता आणि गाडीचा रस्ता एकच असला पाहिजे असं काही नाही.

प्रश्न: मॅडम, मी १९ वर्षं बस चालवतो. तुम्ही सायकलवाल्यांची बाजू लिहिता ते ठीक आहे पण आमची पण लिहा. स्टॉपला बस लावायला डावीकडे घेतो तेव्हा बस आणि फुटपाथच्या मधून सायकलवाले आणि टू व्हीलरवाले घुसतात. आरशात दिसतच नाहीत. काही झालं तर केस आमच्यावर. पोटात गोळा येतो रोज.

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि ते पुढे नाही ढकललं, कारण मला वाटतं या सगळ्या पत्रांमध्ये जीव वाचवणारं पत्र हेच आहे.

सायकल चालवणाऱ्या सगळ्यांना सांगते. मी एकदा एका ओळखीच्या काकांच्या डंपरमध्ये ड्रायव्हर सीटवर बसले होते, गाडी बंद होती, साईटवर उभी होती. त्यांनी माझीच सायकल क्लीनर साईडला, म्हणजे डावीकडे, पुढच्या चाकाच्या बाजूला लावली आणि विचारलं, दिसतेय का? नाही दिसली. मान उंच केली, पुढे वाकले, तिन्ही आरशांत बघितलं, सायकल नाही. खिडकीच्या काचेच्या खाली सगळं अंधारच. मग त्यांनी ती मागे मागे नेली, पार मागच्या चाकांच्याही मागे गेल्यावर आरशात हँडलचा एक तुकडा दिसला. लाल रंगाची सायकल, भर दुपारी. मी खाली उतरले तेव्हा खरंच हात गार पडले होते, कारण त्याआधी कितीतरी वर्षं मी सिग्नलला तशाच जागी जाऊन उभी राहत होते.

दुसरी गोष्ट मागच्या चाकाची. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा पुढचं चाक जिथून जातं तिथून मागचं चाक जात नाही, ते आतून कापत जातं, कोपऱ्याच्या बाजूने. त्यामुळे ड्रायव्हरला वळण नीट घ्यायचं तर आधी गाडी थोडी उजवीकडे घ्यावी लागते. तेव्हा डावीकडे मस्त मोकळी जागा दिसते आणि सायकलवाल्याला वाटतं की मला वाट दिली. वाट दिलेली नसते हो. ती जागा पुढच्या तीन सेकंदांत मागचं चाक घेणार असतं.

म्हणून बस, ट्रक, डंपर, मिक्सर, काहीही असो, त्याच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचं नाही. सिग्नलला मोठी गाडी उभी असेल तर तिच्या मागे थांबा, किंवा आधीच पुढे पोचला असाल तर इतके पुढे उभे राहा की ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसेल. बाजूला, कधीच नाही. आरशात तुम्हाला ड्रायव्हर दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. बस स्टॉपला लागलीय तर मागे थांबा, पंधरा-वीस सेकंदांचा प्रश्न असतो, नाहीतर मागे बघून, हात दाखवून उजवीकडून जा.

आणि दादा, तुमच्याकडे पण एक मागणं आहे. बस स्टॉपला अगदी फुटपाथला लागून लावता आली तर लावत जा, ती मधली फट उरली की लोक घुसणारच. मला माहितीय की स्टॉपच्या जागेवर रिक्षा आणि गाड्या उभ्या असतात म्हणून तुम्हाला तिरकी लावावी लागते, तो तुमचा दोष नाही.

प्रश्न: मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, सेकंड इयरला आहे. कॉलेजला सायकलने जातो. यू टर्न खूप लांब आहे म्हणून मी थोडं अंतर राँग साईडने जातो. माझं म्हणणं असं की राँग साईडने समोरून येणारी गाडी दिसते तरी, मागून येणारी तर दिसतच नाही. मग राँग साईड जास्त सेफ नाही का? आणि इअरफोन एका कानात चालेल का?

उत्तर: नाही रे बाबा. तुझा मुद्दा ऐकायला पटतो म्हणून नीट सांगते, नुसतं ओरडत नाही.

गणित कर. गाडी ताशी ५० ने येतेय आणि तू ताशी १५ ने. एकाच दिशेने जात असाल तर ती तुझ्याजवळ ३५ च्या वेगाने येते. समोरासमोर असाल तर ६५ ने. गाडी तुझ्यापासून ५० मीटर लांब असताना ड्रायव्हरने तुला बघितलं असं धर. बरोबर बाजूला असशील तर त्याच्याकडे पाच सेकंद आहेत, राँग साईडला असशील तर तीन सेकंदसुद्धा नाहीत. आणि मागून येणारा वेग कमी करून तुझ्या मागे मागे येऊ शकतो, समोरून येणारा नाही येऊ शकत, त्याला तू कुठेतरी जायलाच हवा आहेस.

पण खरी गोम वेगळीच आहे. गल्लीतून किंवा सोसायटीच्या गेटमधून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा माणूस कुठे बघतो? उजवीकडे. गाड्या तिकडूनच येतात ना. तो उजवीकडे बघत बघत गाडी बाहेर काढतो आणि तू त्याच्या डावीकडून येत असतोस. त्याने तुझ्याकडे एकदाही बघितलेलं नसतं, तू मात्र त्याला बघतोयस म्हणून समजतोस की त्यानेही बघितलंय. घोडबंदरला सर्व्हिस रोडवर अशी गेटं किती आहेत ते तुला माहितीच आहे. अंतर थोडंच असेल तर खाली उतर आणि सायकल हातात धरून फुटपाथने चालत जा. तीन-चार मिनिटं जातील.

इअरफोन एकाही कानात नको. मागे डोळे नाहीत आपल्याला, कानच आहेत. मोठी गाडी येतेय की छोटी, वेग वाढवतेय की कमी करतेय, हे सवय झाली की आवाजावरून कळतं. त्यात आता इलेक्ट्रिक गाड्या आणि बसेस आल्यात, त्यांचा आवाज आधीच कमी असतो.

आणि चौकात उजवीकडे वळायचं असेल तर चार लेन कापत मध्ये जाऊ नको. हिरव्या सिग्नलला डावीकडूनच सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जा, तिथे सायकल वळवून उभा राहा, आणि तिकडचा सिग्नल सुटला की त्या गाड्यांबरोबर सरळ निघ. दोन सिग्नल लागतात पण कुणाच्या आडवं जावं लागत नाही.

प्रश्न: आम्ही वाळवा तालुक्यातले. मुलगी नववीत आहे, चार किलोमीटरवर शाळा, सायकलने जाते. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या घेऊन चालू असतात, रस्ता अरुंद. संध्याकाळी जादा तास संपेपर्यंत अंधार पडतो. तिला पाठवावं की नाही, जीव टांगणीला लागतो. काय करता येईल?

उत्तर: भाऊ, तुमची काळजी अगदी खरी आहे. शहरातल्या सायकलवाल्यांबद्दल सगळे लिहितात, पण सायकलशिवाय शाळाच सुटेल अशी परिस्थिती आहे ती तुमच्याकडच्या मुलींची, त्यामुळे तिला घरी बसवायचा विचार आधी डोक्यातून काढा.

ट्रॅक्टरबद्दल तिला तीन गोष्टी सांगा. पहिली, ट्रॅक्टर हळू असला तरी ओव्हरटेक करायचा नाही, दोन ट्रॉल्यांची लांबी लक्षात येत नाही आणि मधेच समोरून गाडी आली की आत यायला जागा नसते. दुसरी, मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीच्या रेषेत चालत नाही, खड्ड्यात एक चाक गेलं की ती झुलते आणि उसाच्या मोळ्या दोन्हीकडून बाहेर आलेल्या असतात, म्हणजे ट्रॅक्टर लांबून गेला असं वाटलं तरी ट्रॉलीचा ऊस अंगाला लागू शकतो. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला आणि रस्ता अरुंद असेल तर सरळ खाली उतरून साईडपट्टीवर उभं राहायचं, दोन्ही ट्रॉल्या जाईपर्यंत. शहरातल्या ताईंना मी वर कडेला दबू नका म्हटलंय, पण इथे वेगळं आहे, इथे थांबणंच शहाणपणाचं. तिसरी, पहिली ट्रॉली गेली की लगेच रस्त्यावर यायचं नाही. पोरं नेमकी तिथेच फसतात.

अंधाराचं बघा. सायकलच्या मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा, सेलवरचे किंवा चार्जिंगचे मिळतात, फार महाग नसतात. मागचा दिवा दप्तराने किंवा ओढणीने झाकला जात नाही ना ते तुम्ही स्वतः मागे उभं राहून बघा. मागच्या मडगार्डवर लाल रेडियम लावा, पेडलला रिफ्लेक्टर आहेत का बघा, आणि रेडियमची एक एक पट्टी तिच्या दोन्ही घोट्यांना बांधा. पेडल मारताना पाय वर-खाली होतात, त्यामुळे हेडलाईटच्या उजेडात ती हलणारी पट्टी बघून ड्रायव्हरला चटकन कळतं की पुढे माणूस आहे. छातीवरची पट्टी नुसती चमकते, पायाची पट्टी हलते.

आणि एकटीला न पाठवता त्या वाटेच्या चार-पाच मुलींनी एकत्र निघायचं, पण एकामागे एक. शेजारी शेजारी गप्पा मारत नाही. सगळ्यात मागे जिचा दिवा चांगला आहे ती. शाळेत जाऊन सरांना भेटा, हंगामाचे चार-पाच महिने जादा तास सकाळकडे घेता येईल का विचारा. आणि गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांशी बोला, मागच्या ट्रॉलीच्या मागे रेडियम आणि लाल कापड लावायला सांगा. त्यांच्याही मुली त्याच रस्त्याने जातात.

प्रश्न: वय ७२, सदाशिव पेठ. आमच्या वेळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबल सीट दिसली की पोलीस अडवायचा आणि चाकातली हवा सोडायचा. मी अजून रोज मंडईत सायकलने जातो. मात्र पावसाळ्यात ब्रेक लागत नाहीत असा अनुभव आहे. नवीन ब्रेक रबर टाकले तरी तेच.

उत्तर: काका, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. ब्रेक खराब नाहीत तुमचे. रबर रिमवर घासतं त्या प्रकारच्या ब्रेकला पावसात पहिले काही फेरे रिमवरचं पाणी पुसण्यातच जातात, आणि मग पकड येते. म्हणून पावसात लांबूनच हलका हलका ब्रेक धरत या, म्हणजे ऐन वेळी रिम कोरडी असेल. एकदम दाबू नका, विशेषतः पुढचा.

पहिल्या पावसात फार जपा, महिनोन्‌महिने रस्त्यावर सांडलेलं ऑईल वर येतं. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं आणि झाडाखाली पडलेला फुलांचा सडा, या तिन्हींवरून जाताना सायकल सरळ ठेवा, वळू नका आणि ब्रेकही मारू नका. पाणी साचलेलं असेल तर त्यात चाक घालू नका, खाली काय आहे ते कुणालाच माहिती नसतं. आणि रेनकोटची टोपी घालून मागे बघता येत नाही, त्यापेक्षा डोक्याला साधी कॅप आणि वर हेल्मेट बरं.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना सिन्नर रस्त्यावर कारने मागून धडक दिली, सायकलवर होते. पायाला फ्रॅक्चर, दोन महिने घरी. कारवाला म्हणतो सायकलला इन्शुरन्स नाही, लायसन नाही, हेल्मेट नव्हतं, तुम्हाला काही मिळणार नाही, पाच हजार घ्या आणि मिटवा. आम्ही नाशिकला राहतो. खरंच काही मिळत नाही का?

उत्तर: वहिनी, मिटवू नका. सायकलला लायसन आणि इन्शुरन्स लागतच नाही, ती कायद्याने मोटार वाहन नाही. सायकल चालवणाऱ्याला हेल्मेटची कायद्याने सक्तीही नाही (घालावं, माझं मत ठाम आहे, पण सक्ती नाही). इन्शुरन्स लागतो तो त्या कारला. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि तो नेमका अशाच लोकांसाठी असतो, त्यातले थर्ड पार्टी म्हणजे तुमचे मिस्टर.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा दाखल करता येतो. तो अपघात झाला तिथेच करावा लागतो असं नाही, तुम्ही राहता तिथेही करता येतो, म्हणजे नाशिकला. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे थांबू नका. हॉस्पिटलचे खर्च, बुडालेला पगार, पुढचे उपचार, सगळं त्यात मागता येतं. त्यासाठी एफआयआरची प्रत, पंचनामा, हॉस्पिटलचे सगळे कागद आणि बिलं, गाडीचा नंबर आणि विमा पॉलिसीची माहिती जमवा. एफआयआर झाली नसेल तर आधी ती करा. मोडलेली सायकल दुरुस्तीला टाकायच्या आधी तिचे फोटो काढून ठेवा, मागचं चाक कसं वाकलंय ते दिसलं पाहिजे, धडक मागून बसली हे त्यावरून कळतं. वकील आपल्या ओळखीचा, नेहमी अपघाताच्या केसेस करणारा बघा.

बाकीच्यांसाठी पण दोन गोष्टी. गाडीवाला पळून गेला आणि सापडलाच नाही तरी भरपाई आहे, १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार, त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो. आणि २०२५ च्या मे महिन्यात केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली, नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार. मदतीला थांबणाऱ्या माणसाला पोलीस किंवा हॉस्पिटल अडकवून ठेवू शकत नाही, २०१९ च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचं संरक्षण दिलंय, म्हणून कुणी पडलेलं दिसलं तर घाबरून पुढे जाऊ नका. अँब्युलन्सला १०८.

प्रश्न: मी सायकल चालवत नाही, कार चालवतो, नेरूळला राहतो. पहाटे पाम बीच रोडवर सायकलवाल्यांचे ग्रुप असतात. खरं सांगतो, मला त्यांची भीती वाटते. नक्की किती अंतर ठेवायचं, हॉर्न द्यायचा की नाही, हे आम्हाला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणीच शिकवलं नाही.

उत्तर: तुम्ही विचारलंत याचा मला खूप आनंद झाला. तुमच्याच त्या रस्त्यावर २०२४ च्या फेब्रुवारीत पहाटे इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी मित्रांबरोबर सायकल चालवत असताना मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेत गेले. ते नेहमी सायकल चालवणारे होते. मोकळा रस्ता असला की गाड्यांचा वेग वाढतो, त्यामुळे पहाट सायकलला सुरक्षित असते हा समज खरा नाही.

अंतराचं सांगायचं तर जर्मनीत गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर सोडावं लागतं, फ्रान्समध्ये गावात एक आणि बाहेर दीड, ब्रिटनच्या नियमपुस्तकात २०२२ पासून किमान दीड मीटर लिहिलंय आणि वेग जास्त तर अंतर अजून जास्त. तुम्ही दीड मीटर धरा. दीड मीटर म्हणजे साधारण कारचं दार पूर्ण उघडून त्यावर अजून दीड-दोन फूट. एवढं अंतर का? कारण सायकलवाल्याला पुढचा खड्डा चुकवायला दोन फूट इकडे-तिकडे लागतात, आणि मोठी गाडी वेगाने गेली की वाऱ्याचा धक्का बसतो तो वेगळा, सायकल अक्षरशः आत ओढल्यासारखी होते. तेवढी जागा नसेल तर मागे थांबा. ताशी ५० ने जाणारी गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते, सायकलच्या मागे दहा सेकंद थांबून तुमचा फार वेळ जात नाही.

हॉर्न अगदी मागे येऊन वाजवू नका. त्याने माणूस दचकतो आणि दचकला की हँडल हलतं. द्यायचाच तर लांबून, एकदाच, छोटा. रात्री आणि पहाटे मागून अप्पर लाईट नको, सायकलवाल्याची स्वतःचीच सावली पुढे पडते आणि त्याला खड्डा दिसत नाही.

गाडीतून उतरताना आपण रस्त्याच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे उतरतो, तेव्हा दार डाव्या हाताने उघडा. करून बघा आत्ता, डावा हात उजव्या दारापर्यंत न्यायचा तर अंग आपोआप वळतं आणि मान मागे जाते, येणारी सायकल दिसते. मागच्या सीटवर डावीकडे बसलेल्यांनी उजव्या हाताने. घरात मुलांना हे एकदा शिकवलं की ती विसरत नाहीत, उलट आपल्यालाच टोकतात. आणि ग्रुपला ओव्हरटेक करायचं असेल तर सगळा ग्रुप एकदम मागे टाकण्याएवढा रस्ता पुढे मोकळा असेल तेव्हाच करा, निम्मे सायकलवाले मागे टाकून समोरून गाडी आली म्हणून डावीकडे आत घेतलंत तर तुम्ही थेट त्यांच्या चाकांवर येता.